पुसून टाकणाऱ्या आज्ञेचे शब्द

युनिक्स आणि त्याच्या कुळातील लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस यांसारख्या कार्यप्रणालींमध्ये फाइल काढून टाकण्यासाठी ‘आरएम’ ही कमांड, म्हणजे संगणकाला टंकून द्यायची आज्ञा, वापरली जाते. तिला ‘-आर’ हा पर्याय जोडला की ती एका फाइलीवर थांबत नाही. सांगितलेला फोल्डर, त्यातील फाइली, पोटफोल्डर आणि त्या पोटफोल्डरांच्याही आत जे काही असेल ते सर्व ती काढून टाकते. ही आज्ञा टर्मिनलच्या खिडकीत दिली जाते. तेथे काढलेल्या वस्तू काही काळ सांभाळून ठेवणारी कचरापेटी नसते आणि झालेली कृती मागे घेण्याची सोयही नसते. त्यामुळे या आज्ञेच्या माहितीपत्रकावर इतर आज्ञांच्या माहितीपत्रकांपेक्षा अधिक जबाबदारी येते, कारण वाचकाचा गैरसमज झाला तर तो दुरुस्त होण्यापूर्वी नुकसान झालेले असते. असा मजकूर लिहिताना आज्ञा आतून कशी चालते हे सांगण्याआधी तिच्यामुळे नेमके काय जाईल आणि काय राहील याची सीमा आखून देणे, हे लेखकाचे पहिले काम आहे. प्रचलित माहितीपत्रके हे काम कोठे करतात आणि कोठे अर्धवट सोडतात, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

युनिक्समध्ये फाइलीचे नाव आणि फाइलीतील मजकूर या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. फाइलीचा आकार, मालक, परवानग्या आणि डिस्कवरील तिच्या तुकड्यांचे पत्ते ‘आयनोड’ नावाच्या नोंदीत असतात. डिरेक्टरी, म्हणजे ज्याला एरवी फोल्डर म्हटले जाते ती, केवळ नावांची आणि त्या नावांपुढील आयनोड-क्रमांकांची यादी असते. एकाच आयनोडला दोन निरनिराळ्या डिरेक्टरींत दोन नावे असू शकतात, आणि अशी किती नावे आहेत याची मोजदाद आयनोडमध्येच ठेवलेली असते. ‘आरएम’ ही आज्ञा डिरेक्टरीच्या यादीतून एक नाव खोडते. या क्रियेचे प्रणालीतील नाव ‘अनलिंक’ असे आहे. शेवटचे नाव खोडले गेले आणि ती फाइल कोणत्याही चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली नसली, तरच तिची जागा मोकळी होते. सर्व्हरची डिस्क भरली म्हणून एखादी प्रचंड लॉग फाइल काढून टाकावी आणि तरीही डिस्क भरलेलीच दिसावी, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर येथे आहे: लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामने ती फाइल अजून धरून ठेवलेली असते. नाव खोडणे हा यादीत केलेला बदल असल्यामुळे त्यासाठी परवानगीही त्या डिरेक्टरीची लागते, फाइलीची लागत नाही. ज्या फाइलीत एक अक्षरही बदलण्याचा अधिकार नाही ती फाइल एखादा वापरकर्ता काढून मात्र टाकू शकतो, ही गोष्ट नवख्या वाचकाला पटत नाही, आणि बहुतेक माहितीपत्रके ती एका वाक्यात उरकतात.

यादीत नावे शिल्लक असलेली डिरेक्टरी प्रणाली काढू देत नाही. म्हणून ‘-आर’ पर्यायाला आधी सर्वांत खोल डिरेक्टरीपर्यंत उतरावे लागते, तेथील नावे खोडावी लागतात, मग ती रिकामी डिरेक्टरी काढून एक पायरी वर यावे लागते आणि तेथे तीच रीत पुन्हा वापरावी लागते. एकच कृती स्वतःच्या पोटात पुन्हा पुन्हा वापरण्याच्या या पद्धतीला संगणकशास्त्रात ‘रिकर्शन’ म्हणतात, आणि ‘-आर’ हे त्याच शब्दाचे आद्याक्षर आहे. या उतरत्या-चढत्या प्रवासाचा एक परिणाम माहितीपत्रकांत क्वचितच सांगितलेला असतो: हे काम सगळे किंवा काहीच नाही अशा स्वरूपाचे नसते. घाबरून मध्येच आज्ञा थांबवली तर जेवढे गेले तेवढे गेलेले असते, उरलेले उरते, आणि नेमके काय गेले याची यादी आज्ञा कोठेही ठेवत नाही.

‘आरएम’चे वर्णन युनिक्सच्या अगदी पहिल्या मॅन्युअलमध्ये आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचे हे मॅन्युअल अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये ३ नोव्हेंबर १९७१ रोजी सिद्ध झाले. त्या वेळची ‘आरएम’ डिरेक्टरीला हात लावत नसे. रिकाम्या डिरेक्टरीसाठी ‘आरएमडीआयआर’ ही वेगळी आज्ञा होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये, ज्याच्या संपादनावर डग मॅकिलरॉय यांच्या काटेकोर शैलीची छाप आहे, ‘-आर’चे वर्णन येते आणि ते आजही आदर्श वाटावे असे आहे. नाव दिलेली वस्तू डिरेक्टरी असेल तर एरवी त्रुटीचा संदेश मिळतो, पण हा पर्याय असेल तर त्या डिरेक्टरीतील सर्व काही आणि शेवटी ती डिरेक्टरी स्वतः काढली जाते, एवढा आशय तेथे मोजक्या शब्दांत बसवला आहे. ‘आणि ती डिरेक्टरी स्वतः’ हे शब्द विशेष मोलाचे आहेत, कारण केवळ ‘आतील सर्व काही’ एवढेच वाचणारा माणूस रिकामा फोल्डर मागे राहील अशी अपेक्षा धरून बसतो.

त्याच पानावर एक इशाराही आहे. युनिक्समध्ये एक टिंब म्हणजे चालू डिरेक्टरी आणि दोन टिंबे म्हणजे तिच्या वरची डिरेक्टरी. टिंबाने सुरू होणारी नावे यादीत एरवी दाखवली जात नाहीत, म्हणून त्यांना लपलेल्या फाइली म्हणतात. अशा सगळ्या लपलेल्या फाइली काढाव्यात या हेतूने एखाद्याने ‘आरएम -आर .*’ असे टंकले, तर टिंबानंतर काहीही चालेल असे सांगणाऱ्या त्या तारकाचिन्हात दोन टिंबेही बसत, आणि आज्ञा खाली उतरण्याऐवजी वरच्या डिरेक्टरीत शिरून शेजारपाजारच्या सगळ्या फोल्डरांवर चालून जाण्याचा धोका उभा राही. म्हणून दोन टिंबांची डिरेक्टरी काढण्यास मनाई आहे, असे मॅन्युअलने कारणासह सांगितले होते. कारण सांगितल्यामुळे वाचकाला नियमाबरोबर तारकाचिन्हाचा स्वभावही कळतो. बॅश या लोकप्रिय शेलने, म्हणजे टंकलेली ओळ वाचून योग्य प्रोग्रामकडे पोचवणाऱ्या मध्यस्थ प्रोग्रामने, २०२२ मधील ५.२ या आवृत्तीपासून एक टिंब आणि दोन टिंबे ही दोन्ही नावे अशा तारकाचिन्हातून मुळातच वगळली, म्हणजे पन्नाशीला आलेल्या प्रणालीतही हा प्रश्न जिवंत होता.

आज लिनक्सवर मिळणारी ‘आरएम’ बहुधा ग्नू प्रकल्पाच्या कोअरयुटिल्स या संचातील असते, आणि तिच्या माहितीपत्रकात ‘-आर’पुढील ओळीचा आशय ‘डिरेक्टरी आणि त्यांतील सर्व काही रिकर्सिव्ह पद्धतीने काढते’ असा आहे. बीएसडी कुळातील माहितीपत्रक मात्र असे मांडते की, आज्ञेला दिलेल्या प्रत्येक नावापासून सुरू होणारी संपूर्ण उतरंड काढण्याचा प्रयत्न केला जाईल. दोन्ही वाक्ये खरी आहेत, तरी दुसरे अधिक उपयोगी आहे, कारण त्यात ‘कोठून’ या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिल्या वाक्यातील ‘रिकर्सिव्ह’ हा शब्द प्रोग्रामरला सर्व काही सांगतो, पण इतर वाचक त्याचा अर्थ ‘सगळीकडे खालपर्यंत शोधून’ असा लावू शकतो, आणि या आज्ञेबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज नेमका तेथूनच निघतो.

समजा, ‘प्रकल्प’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘क.टीएमपी’ ही फाइल आहे, ‘जुने.टीएमपी’ नावाचा एक फोल्डर आहे, आणि ‘नकाशे’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरच्या आत ‘ख.टीएमपी’ ही फाइल आहे. सगळ्या टीएमपी फाइली सगळ्या पातळ्यांवरून काढाव्यात अशा इच्छेने कोणी ‘प्रकल्प’मध्ये उभे राहून ‘आरएम -आर *.टीएमपी’ अशी आज्ञा दिली, तर ‘नकाशे’मधील ‘ख.टीएमपी’ला धक्काही लागत नाही, उलट ‘जुने.टीएमपी’ हा फोल्डर आतील सगळ्या वस्तूंसह जातो, मग त्या वस्तूंची नावे काहीही असोत. याचे कारण असे की तारकाचिन्हाचा अर्थ ‘आरएम’ लावतच नाही. तो लावण्याचे काम शेल आधीच करतो, आणि तो फक्त चालू फोल्डरमधील नावे तपासतो. ‘आरएम’च्या हाती पडतात ती ‘क.टीएमपी’ आणि ‘जुने.टीएमपी’ ही दोन तयार नावे, आणि ‘-आर’ त्या दोन नावांच्या आत शिरतो. नमुन्याशी जुळणाऱ्या फाइली खोलवर शोधणे हे ‘-आर’चे काम नाही, एवढे एक वाक्य माहितीपत्रकात असते तर कितीतरी फोल्डर वाचले असते.

या गैरसमजासाठी वाचकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण शेजारच्या प्रणालींत तसाच दिसणारा पर्याय खरोखर तसे वागतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डेल’ या आज्ञेला ‘/एस’ जोडले की ती सर्व पोटफोल्डरांत हिंडून नमुन्याशी जुळणाऱ्या फाइली काढते आणि फोल्डर तसेच ठेवते. फोल्डरसकट सगळे काढायचे तर तेथे ‘आरडी /एस’ लागते, आणि त्याआधी एमएस-डॉसच्या १९९३ मधील सहाव्या आवृत्तीत त्यासाठी ‘डेलट्री’ ही वेगळी आज्ञा आली होती. प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातील गिटची स्वतःची ‘आरएम’ आज्ञा तर याहून वेगळी आहे: नमुना अवतरणचिन्हांत घालून शेलपासून वाचवला, तर गिट त्याचा अर्थ स्वतः लावते, आणि मग तारकाचिन्ह फोल्डरांच्या सीमाही ओलांडते. गिटचे माहितीपत्रक हा भेद उदाहरणे देऊन समजावते, ही चांगली गोष्ट आहे. विंडोजच्याच पॉवरशेल या दुसऱ्या शेलच्या अधिकृत मदतमजकुराने तर याच प्रकारच्या एका पर्यायात दोष असल्याची नोंद उघडपणे केली आणि त्याऐवजी आधी फाइलींची यादी करून मग ती काढणाऱ्या आज्ञेकडे सोपवण्याचा मार्ग दाखवला. जे नीट चालत नाही ते लपवायचे नाही, ही शिस्त युनिक्सच्या जुन्या मॅन्युअलांनीही पाळली होती. त्यांत दोषांसाठी स्वतंत्र विभागच असे.

युनिक्समध्ये खोलवर शोधून काढायचे असेल तर ‘फाइंड’ ही आज्ञा ‘-डिलीट’ या कृतीसह वापरली जाते, आणि तेथे शब्दांचा क्रमच धोक्याचा असतो. ‘फाइंड’ आपल्यापुढील अटी डावीकडून उजवीकडे तपासते; नावाची अट आधी आणि ‘-डिलीट’ नंतर असेल तर जुळणाऱ्याच फाइली जातात, पण ‘-डिलीट’ आधी लिहिले तर अट तपासण्याची वेळ येण्यापूर्वी सगळेच गेलेले असते. ग्नूच्या माहितीपत्रकात हा इशारा स्पष्ट दिलेला आहे.

सीमेचा दुसरा प्रश्न सिम्बॉलिक लिंकचा. सिम्बॉलिक लिंक म्हणजे दुसऱ्या कोणत्यातरी ठिकाणचा पत्ता साठवणारी छोटी फाइल; ती उघडली की प्रणाली त्या पत्त्यावर नेते. काढायच्या फोल्डरात अशी एखादी लिंक असेल आणि ती घरच्या सगळ्या छायाचित्रांच्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल, तर ती छायाचित्रे जातील काय? जात नाहीत, ‘आरएम -आर’ फक्त लिंक खोडते आणि तिच्यामागून जात नाही. पण अशा उतरंडीत दुसरी डिस्क माउंट केलेली असेल, म्हणजे त्या डिस्कवरील सगळा ऐवज एखाद्या फोल्डरच्या जागी जोडून ठेवलेला असेल, तर आज्ञा त्यात बिनदिक्कत शिरते, कारण प्रणालीच्या दृष्टीने तो साधा फोल्डरच असतो. बॅकअपची डिस्क जोडलेली राहिली आणि तीही रिकामी झाली, अशी दुर्घटना या मार्गाने होऊ शकते. ग्नूच्या ‘आरएम’मध्ये हे टाळण्यासाठी एकाच फाइल प्रणालीत राहण्याचा वेगळा पर्याय आहे, परंतु लिंक आणि माउंट यांच्या वागण्यातला हा फरक ‘-आर’च्या वर्णनातच, शेजारी शेजारी, सांगितला गेला पाहिजे.

तिसरी सीमा मुळाची. युनिक्समधील संपूर्ण उतरंड ‘/’ या एका चिन्हापासून सुरू होते, त्यामुळे ‘आरएम -आरएफ /’ (यातील ‘-एफ’ या पर्यायाबद्दल पुढे) म्हणजे अख्खी प्रणाली पुसण्याची आज्ञा होते. सन या कंपनीच्या सोलारिस १० या कार्यप्रणालीमध्ये ती नाकारली जाऊ लागली, २००६ मध्ये ग्नूच्या ६.४ आवृत्तीने तीच मनाई नेहमीसाठी लागू केली, आणि पॉसिक्स या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीने मूळ डिरेक्टरीला हात न लावण्याचा नियम घातला. परंतु ही मनाई ‘/’ या नावापुरतीच आहे. ‘/*’ असे लिहिले तर शेल त्याचा विस्तार करून मूळ डिरेक्टरीतील एकेका फोल्डरचे नाव ‘आरएम’कडे देतो, आणि त्या नावांत ‘/’ स्वतः नसल्यामुळे पहारा जागा होत नाही. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या खेळविक्री सेवेच्या लिनक्स आवृत्तीत हेच घडले. तिच्या एका स्क्रिप्टमध्ये स्थापनेच्या फोल्डरचा पत्ता एका चलात ठेवून त्यापुढे ‘/*’ जोडून ‘आरएम -आरएफ’ चालवले जात होते. विशिष्ट परिस्थितीत ते चल रिकामे राहिले, मागे फक्त ‘/*’ उरले, आणि वापरकर्त्याला ज्या ज्या फाइली काढण्याचा अधिकार होता त्या सगळ्या पुसल्या गेल्या. त्या ओळीपाशी प्रोग्रामरने भीतिदायक अशा अर्थाचा एकच शब्द टिपणी म्हणून लिहून ठेवला होता. लिहिणाऱ्याला धोक्याची जाणीव होती, पण चल रिकामे असल्यास काय होईल हे त्या शब्दात कोठेच नव्हते. अनेक माहितीपत्रकांतील ‘जपून वापरा’ ही सूचनाही याच जातीची असते. कशापासून जपायचे ते ती सांगत नाही.

‘-एफ’ या पर्यायाचे वर्णनही असेच दिशाभूल करते. त्याचे पूर्ण नाव ‘फोर्स’ असल्यामुळे तो परवानगीची भिंत मोडतो अशी समजूत पसरली आहे. प्रत्यक्षात तो दोनच गोष्टी करतो: खातरजमेचा प्रश्न विचारत नाही, आणि सांगितलेली वस्तू अस्तित्वातच नसेल तर तक्रार करत नाही व अपयशही नोंदवत नाही. ज्या डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार नाही तेथे ‘-एफ’ कितीही वेळा जोडला तरी उपयोग नसतो. लिहिण्यास मनाई असलेल्या फाइलीबाबत ‘आरएम’ एरवी खातरजमा करते, आणि ‘-एफ’ दिल्यावर हा प्रश्न नाहीसा होतो, म्हणून तो अधिकार देतो असा भास होतो. शिकवण्यांमध्ये ‘-आरएफ’ ही जोडी एकच शब्द असल्यासारखी पाठ करून घेतली जाते, हे फार वाईट आहे. त्याऐवजी ग्नूचा मोठ्या लिपीतील ‘-आय’ हा पर्याय शिकवावा. तो तीनपेक्षा अधिक फाइली किंवा रिकर्सिव्ह काम असेल तेव्हा एकदाच विचारतो आणि प्रत्येक फाइलीमागे प्रश्न विचारून वैताग आणत नाही.

माहितीपत्रकातील वाक्य हे वचनही असते, आणि ते मोडले गेले तर तो प्रोग्रामचा दोष ठरतो. रस्ट या भाषेच्या मानक संचात डिरेक्टरी समूळ काढणारे एक फंक्शन आहे, आणि ते सिम्बॉलिक लिंकमागून जात नाही असे त्याच्या माहितीत नमूद आहे. प्रत्यक्षात तपासणी आणि कृती यांच्यामधल्या क्षणात एखाद्याने डिरेक्टरीच्या जागी लिंक ठेवली, तर ते फंक्शन तिच्यामागून जात असे; अधिक अधिकार असलेला प्रोग्राम अशा रीतीने भलत्याच फाइली काढायला लावता येत होता. जानेवारी २०२२ मधील १.५८.१ या आवृत्तीत ही त्रुटी दुरुस्त झाली. वचन स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे काय बिघडले हे ठरवताना वाद उरला नाही. पायथन भाषेचे तत्सम फंक्शन अशा हल्ल्यापासून बचाव प्रत्येक प्रणालीवर करू शकत नाही. म्हणून त्याच्या माहितीत तसे सांगून, चालू प्रणालीवर तो बचाव आहे की नाही हे तपासण्याची सोयही दिलेली आहे.

या सर्व विवेचनावरून ‘-आर’चे वर्णन मराठीत साधारण पुढीलप्रमाणे लिहिता येईल. दिलेल्या नावांपैकी एखादे डिरेक्टरीचे असेल तर तिच्यातील सर्व काही, लपलेल्या फाइलींसह, आणि शेवटी ती डिरेक्टरी स्वतः काढली जाते. तारकाचिन्हाचा विस्तार शेल आधीच करतो. हा पर्याय पोटफोल्डरांत नमुना शोधत नाही. आत सापडलेली सिम्बॉलिक लिंक काढली जाते, ती जेथे नेते ते ठिकाण सुरक्षित राहते. मात्र आत माउंट केलेल्या डिस्कवरील फाइलीही काढल्या जातात. काम मध्येच थांबवल्यास तोवर काढलेले परत येत नाही. तरीही पुरेशा कौशल्याने मजकुराचा काही भाग डिस्कवरून पुन्हा मिळवता येण्याची शक्यता असते, म्हणून गोपनीय मजकूर नष्ट करण्यासाठी या आज्ञेवर विसंबू नये.

मराठीत संगणकाचे पाठ, प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि कार्यालयीन सूचना लिहिणाऱ्यांनी असे प्रत्येक वाक्य छापण्यापूर्वी एक रिकामा फोल्डर तयार करावा, त्यात दोन-तीन पातळ्यांचे पोटफोल्डर, एक लपलेली फाइल, टीएमपीने संपणाऱ्या नावाचा एक फोल्डर आणि बाहेरच्या एखाद्या चाचणी फोल्डरकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक ठेवावी, आज्ञा चालवावी, आणि काय गेले व काय राहिले हे स्वतः पाहून मगच ते वाक्य कायम करावे.